आधी भरायची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज एका तेलाविषयी बोलायचं आहे. खाण्याच्या नव्हे, मोटारीच्या. त्यातही इंजिनाच्या तेलाविषयी नाही. ते वेळच्या वेळी बदलावं लागतं हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाविषयी. ते घरी बदलता येतं का, आणि बदलायला जाताना माणूस कुठे घसरतो, हे मी स्वतः घसरून शिकलो. म्हणून सांगण्याचा थोडासा अधिकार आहे.

कारखान्याच्या देखभाल विभागात माझी ३४ वर्षं गेली. त्यामुळे हातात पाना आला की मला उगाच तरतरी येते. आमच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आली ती मात्र हौसेनं नाही. पत्नीच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि क्लच दाबणं तिला जमेना. गाडी ती चालवते, मी शेजारी बसून सूचना करतो. तिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आमच्या ताईंचं, मंगळवारी आणि शनिवारी डायलिसिस असतं. न्यायचं आणि आणायचं काम पत्नीचं. ऑटोमॅटिक गाडी आम्ही घेतली ती त्यासाठी. जुनीच घेतली, ७० हजार किलोमीटर चाललेली.

वर्षभरानं गाडीची कुरकुर सुरू झाली. सकाळी डी मध्ये टाकली की क्षणभर विचार करायची, मग हलायची. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना हिसका द्यायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "हे तेल आजन्म टिकणारं असतं, हात लावू नका. गिअरबॉक्सच काढावा लागेल." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "मशीन लावून सगळं धुऊन काढू." दोन्हीकडून आकडे ऐकून मी घरी आलो आणि गाडीची पुस्तिका उघडली.

आधी हे तेल करतं काय, ते पाहू. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याची पिन काढून ठेवा. पहिल्याच्या वाऱ्यानं दुसरा हळूहळू फिरू लागेल. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असेच दोन पंखे एका बंद भांड्यात असतात, आणि हवेच्या जागी असतं तेल. या भांड्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. जनरल मोटर्सनं १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स आणला, तेव्हापासून तेलातून ताकद पुढे नेण्याची ही रीत घराघरांतल्या मोटारींमध्ये शिरली.

पण या तेलाला आणखी तीन कामं असतात. दाब देऊन गिअर बदलायचे, चाकांना वंगण द्यायचं आणि उष्णता वाहून न्यायची. शिवाय आतल्या क्लचच्या चकत्या याच तेलात बुडालेल्या असतात. त्या एकमेकींना चिकटल्या पाहिजेत, पण हिसका न देता. म्हणजे तेल निसरडंही हवं आणि पकड देणारंही हवं! हा गुण आणण्यासाठी एके काळी त्यात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत असत. १९७० च्या सुमारास अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना दुसरे पदार्थ शोधावे लागले. तेव्हा हे साधं वंगण नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

आणि 'आजन्म' या शब्दाचं काय? तेलातली ही मिश्रणं उष्णतेनं थकतात. शहरातली तुंबलेली वाहतूक, घाट, उन्हाळा यांत तर लवकरच. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरवर किंवा ८ वर्षांनी बदला, असं सांगते. आमच्या पुस्तिकेतही बारीक अक्षरांत होतं, की कठीण परिस्थितीत गाडी वापरत असाल तर तेल अमुक किलोमीटरवर बदला. कठीण परिस्थिती म्हणजे काय, तर थांबत-थांबत जाणारी वाहतूक. म्हणजे आमचा रोजचा रस्ता!

झालं. मी पुस्तिकेत दिलेल्या नंबरचंच तेल आणलं आणि एका शुक्रवारी संध्याकाळी, गाडी फिरवून आणून, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामाला लागलो. गाडी घोड्यांवर घेतली, खाली टब ठेवला, खालचा ड्रेन बोल्ट उघडला. तेल आलं ते काढ्याच्या रंगाचं. नवं तेल कसं, कोकम सरबतासारखं लालबुंद असतं. मला आपलं निदान बरोबर ठरल्याचा आनंद झाला. पत्नी वरून म्हणाली, "अहो, उद्या शनिवार आहे." मी म्हटलं, "अगं, तासाभराचं काम."

मग वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडायला गेलो. तो हलेना. जोर लावला, तर त्याची आतली खाच झिजली आणि पाना गरगर फिरू लागला. रात्री साडेनऊ वाजता माझ्यापुढे परिस्थिती अशी होती: तेल सगळं बाहेर, आत घालायला वाट नाही, आणि तेलाशिवाय गाडी सुरू करायची सोय नाही.

शनिवारी ताई रिक्षानं गेल्या. येताना त्यांचा रक्तदाब उतरला. डायलिसिसनंतर असं होऊ शकतं. एरवी गाडीत सीट मागे करून त्या पडून येत. त्या दिवशी रिक्षात बसवेना, म्हणून रुग्णालयाच्या पायरीवर दोघी अर्धा तास बसून राहिल्या. घरी आल्यावर पत्नी मला एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. पंचविशीचा मुलगा. त्यानं बोल्टवर गंज सोडवणारा फवारा मारला, तासभर थांबला, मग झिजलेल्या खाचेत जरा मोठा सॉकेट ठोकून बसवला आणि एका झटक्यात बोल्ट मोकळा केला. नवा बोल्ट बसवून दिला, ३०० रुपये घेतले आणि जाताना म्हणाला, "काका, आधी भरायची वाट बघायची, मग काढायची."

श्रोतेहो, हेच वाक्य मी कारखान्यात शिकाऊ मुलांना वेगळ्या शब्दांत ऐकवत असे. यंत्र उघडण्याआधी ते बंद कसं करायचं ते सांग, मगच हात लाव! घरच्या यंत्रापुढे मात्र मी ते विसरलो. तेव्हा आता जे सांगतो ते त्या मुलाच्या वाक्यापासून सुरू करतो.

पहिली गोष्ट, आपली गाडी कुठल्या जातीची ऑटोमॅटिक आहे ते पाहा. २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबायचं काम तेवढं यंत्र करतं. तिचं तेल वेगळं. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या असतात. तिचं तेल आणखी वेगळं. त्यात आमचं लाल तेल घातलं तर पट्टा घसरून मोठं नुकसान होतं. काही गाड्यांत दोन क्लचचा गिअरबॉक्स असतो. 'ऑटोमॅटिकचं तेल द्या' एवढं म्हणून दुकानातून काहीही आणू नये. पुस्तिकेतला नंबर डब्यावरच्या नंबराशी ताडून पाहावा.

दुसरी, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सपाट फरशी, हँडब्रेक, चाकांना अडण्या आणि मजबूत घोड्या हव्यातच. तेल कोमट असावं. कढत तेलानं हात भाजतो.

तिसरी, वरचा बोल्ट आधी सैल करा. तो सुटला नाही, तर खालच्याला हात लावू नका. गाडी जशी आहे तशी चालती राहील.

चौथी, निघालेलं तेल गार झाल्यावर मोजा आणि बरोबर तेवढंच नवं घाला. आमचं साडेतीन लिटर निघालं. ड्रेन बोल्टला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ लगदा असला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज असते. धातूचे तुकडे आले किंवा तेलाला करपल्याचा वास आला, तर मात्र दुखणं तेलाच्या पलीकडचं आहे. तिथे जाणत्या माणसाला दाखवा. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं घाला, आणि बोल्ट आवळताना पहिलवानी करू नका.

पाचवी गोष्ट पातळीची. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर, गाडी अगदी समतल असताना पातळी पाहतात. पुढून उचललेल्या गाडीत ती चुकीची दिसते. चालू गाडीखाली शिरण्याचं हे काम मी घरी केलं नाही. मोजून तेल भरलं आणि त्याच मुलाच्या रॅम्पवर, तापमान पाहून, पातळी तपासून घेतली. घरी करण्यासारखं तेवढंच घरी करावं, यात कमीपणा नाही.

आता थोडं गणित. आमच्या गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे सात लिटर तेल मावतं. निघतं साडेतीनच, बाकीचं त्या पंख्यांच्या भांड्यात अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं की निम्मं नवं. काही दिवस चालवून पुन्हा बदललं की ७५ टक्के, आणि तिसऱ्यांदा साडेसत्याऐंशी टक्के. दाबाखाली सगळं धुऊन काढण्यापेक्षा ही सबुरीची रीत मला बरी वाटली. मी तीन महिन्यांत तीनदा बदललं. सकाळचं थांबणं गेलं. हिसका पुष्कळ कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. आधीची झीज तेलानं भरून येत नाही, हे मान्य करायला हवं.

आणि ते काढलेलं तेल? ते गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं. ते डब्यात भरून, झाकण लावून, जुनं तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावं.

आता आमच्या गाडीत एक छोटी वही असते. तेल कधी बदललं, किती निघालं, किती घातलं, किती किलोमीटरला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. अक्षर पत्नीचं आहे. दुसऱ्यांदा तेल बदलायचं ठरवलं तेव्हा मी वही तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "कोणता दिवस सोयीचा?" तिनं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाली, "बुधवारी सकाळी. आणि वरचा बोल्ट सुटला की मला हाक मारा, मग खालचा उघडा."

मी हाक मारली. ती खाली आली, वाकून स्वतः पाहिलं, आणि मगच मला टब सरकवायची परवानगी मिळाली. त्या शनिवारी ताई गाडीतून, सीट मागे करून, झोपून घरी आल्या.