होडी विकताना केलेले वाटे

 

आम्ही सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका गावात राहतो. नवरा-बायको दोघांनी मिळून हे भाषण तयार केलंय, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो. जिथं दोघांचं मत वेगळं होतं, तिथं ‘घरधनी’ आणि ‘घरधनीण’ असं सांगू. या मे महिन्यात आम्ही आमची शिडाची होडी विकली. शेवटचा हंगाम कसा घालवला आणि आलेल्या पैशाचं काय केलं, ते आज सांगायचं आहे. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजणींनी समुद्र पाहिलाही नसेल. पण कुणाच्या घरी बैलजोडी असेल, कुणाकडे पिठाची गिरणी, कुणाकडे म्हशी. चालता धंदा विकायची वेळ आली की घराघरात एकच प्रश्न उभा राहतो : हे नक्की कुणाचं होतं?

होडी सासऱ्यांनी बांधून घेतलेली, चौदा हात लांब. एक डोलकाठी, एक शीड, दोन वल्ही. बारा वर्षांपूर्वी सोसायटीचं कर्ज काढून मागे छोटं इंजिन लावलं, पण शीड काढलं नाही. वारा फुकट मिळतो, तेल विकत घ्यावं लागतं. तीन वर्षांपूर्वी खलाशी मिळेनासा झाला. पोरं मुंबईला आणि गोव्याला कामाला जातात, त्यांना नावं ठेवून काय करायचं? मग आम्ही दोघंच जायला लागलो. सुकाणूवर घरधनी आणि शिडाची दोरी, जिला आम्ही दामण म्हणतो, ती घरधनिणीच्या हातात. गावात आधी कुजबुज झाली, मग सवय झाली.

पण गुडघे दोघांचेही दुखायला लागले. किनाऱ्याजवळ मासळी पूर्वीइतकी मिळत नाही, आणि जाळ्याचा खर्च दरवर्षी वाढतो. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर होडी वर ओढली, झावळ्यांनी शाकारली आणि तेव्हाच ठरवलं, अजून एक हंगाम करायचा आणि विकायची. लगेच विकली नाही, त्याला कारण होतं. जमिनीवर शाकारलेल्या होडीला भाव येत नाही. घेणाऱ्याला ती पाण्यात चालताना दिसली पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांना मासेमारी बंद असते. नुसत्या शिडाच्या आणि वल्ह्याच्या होडीला ती बंदी नाही, पण तसल्या समुद्रात जातो कोण? त्या दोन महिन्यांत विकणाऱ्याला घाई असते आणि घेणाऱ्याला नसते.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला आणि हंगाम सुरू केला. थंडी पडली की शिडाचे खरे दिवस येतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. त्याच्यावर शीड सोडलं की इंजिन न लावता खाडीच्या तोंडाबाहेर जाता येतं. उन्हं चढली की जमीन तापते आणि दुपारी वारा उलटा फिरून समुद्राकडून येतो. तो खारा वारा आम्हाला घरी आणतो. भरतीची वेळ कळायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी, तीनच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. घरधनिणीला हा हिशेब माहेरापासून येत होता. होडीत बसायला लागल्यावर तो उपयोगी पडला.

या हंगामात आम्ही एक नवी गोष्ट केली. वही घातली. होडीची किंमत ठरवायची तर ती वर्षाला काय देते आणि काय खाते, हे माहीत हवं. म्हणून रोज संध्याकाळी लिहायचं : किती तेल, किती बर्फ, किती मासळी, किती पैसे. बचत गटाचा हिशेब लिहायची घरधनिणीला सवय, त्यामुळे वही तिच्याकडे आली. आणि तिनं आपणहून आणखी एक रकाना पाडला : आज कुणी काय काम केलं.

मे महिन्यात बेरीज केली. होडी पाण्यात गेली ते दिवस ९६ आणि घरधनीण टोपली घेऊन बाजारात बसली ते दिवस १३१. आकडा जास्त कसा? तर ज्या दिवशी होडी गेली नाही, त्या दिवशी तिनं लिलावात दुसऱ्यांची मासळी घेऊन विकली, नाहीतर सुकवलेले बांगडे विकले. जाळी शिवणं, मासळी खारवणं, वाळत घालणं, हे दिवस त्यात धरलेलेच नाहीत. पावसाचे दोन महिने घर चालतं ते या सुक्या मासळीवर, हे आम्हाला आधीही माहीत होतं. पण वहीत समोर दिसलं, तेव्हा दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

आता आमच्याकडची वाट्यांची रीत सांगतो. गावागणिक ती थोडी बदलते. मासळीचे पैसे आले की आधी तेल-बर्फाचा खर्च काढायचा. उरलेल्याचे वाटे करायचे. होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक वाटा आणि होडीत बसलेल्या प्रत्येक माणसाचा एक-एक वाटा. होडी लाकडाची असूनही तिला वाटा मिळतो, कारण ती राबते. पण तीच मासळी डोक्यावर घेऊन बाजारात जाणारीला वाटा नाही. ती घरचीच, तिला कसला वाटा, अशी रीत.

गिऱ्हाईक ठरलं, भाव ठरला, आणि घरात बोलणं निघालं. घरधन्याचं म्हणणं, होडी माझ्या बापाची, कागदावर नाव माझं. पैसे बँकेत माझ्या खात्यात ठेवू, लागतील तसे काढू. घरधनीण म्हणाली, ठेवायचे कुठं ते नंतर बघू, आधी वाटे करू, मासळीचे करतो तसेच. आणि तिनं वही पुढे ठेवली.

दोन दिवस घरात बोलणं कमी झालं. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की सगळं गोडीगुलाबीनं झालं. तिसऱ्या दिवशी घरधन्यानं स्वतःच वही उघडली.

आधी सोसायटीचं उरलेलं कर्ज फेडलं. राहिलेल्या पैशाचे पाच वाटे केले. होडीचा एक वाटा घराला, कारण होडी सासऱ्यांची. त्यातून छपराची दुरुस्ती होईल. होडीत बसणाऱ्या दोघांचे दोन. जाळी होडीबरोबरच विकली होती, तिच्या वाट्यावर वाद झाला. घरधनी म्हणाला, जाळं समुद्रात मी टाकलं. घरधनीण म्हणाली, ते घ्यायला गटाचं कर्ज मी काढलं, हप्ते मी भरले. दोन्ही खरं होतं, म्हणून तो वाटा अर्धा-अर्धा केला. पाचवा वाटा विकणारीचा. आमच्या घरात तो पहिल्यांदाच निघाला. अशा रीतीनं घराला एक, घरधन्याला दीड आणि घरधनिणीला अडीच वाटे आले. तिचे पैसे तिच्या एकटीच्या नावाच्या खात्यात गेले. त्यातून तिनं बर्फाची मोठी पेटी घेतली आणि मासळी वाळवायला बांबूचे मांडव घातले. जमिनीवर वाळवली की वाळू लागते आणि भाव पडतो. घरधनी आता गावातल्या इतरांची जाळी शिवून देतो. त्याची मजुरी रोज वहीत चढते.

कागदांबद्दलही ऐकून ठेवा. होडी दिली, पैसे घेतले, एवढ्यानं विक्री पुरी होत नाही. नोंदणी आणि मासेमारीचा परवाना घेणाऱ्याच्या नावावर झाला पाहिजे. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले, तेही मासेमारीची एक बोट पळवून. तेव्हापासून होड्यांच्या कागदांची तपासणी कडक झाली आहे. कागदावर आपलं नाव राहिलं, तर उद्या त्या होडीच्या चौकशीला आपल्याला जावं लागेल. सोसायटीकडून कर्ज फिटल्याचा दाखला लेखी घ्या. आणखी एक, २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं, महिला गटांनाही. पण समुद्रातल्या मासेमारीसाठी त्यात नोंदणी झालेली होडी आणि परवाना यांची अट असते. म्हणून होडी विकण्याआधीच बँकेत जाऊन विचारा, विकल्यावर आपल्याला काय मिळेल आणि काय मिळणार नाही.

होडी घेणारा शेजारच्या गावचा तरुण आहे. त्याला इंजिन येत होतं, शीड येत नव्हतं. आठ दिवस पहाटे आम्ही त्याला बरोबर नेलं. मतलई कधी पडते ते दाखवलं. दामण कधीही पक्की बांधून ठेवायची नाही, हातात धरायची, म्हणजे वाऱ्याचा झोत आला की सैल सोडता येते, नाहीतर होडी कलंडते, हेही शिकवलं. शेवटच्या दिवशी त्यानं आपल्या बायकोलाही आणलं. वाटे कसे करायचे ते आमच्या घरधनिणीनं तिला काठावर बसून सांगितलं.

होडी नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं का, असं लोक विचारतात. वाटतं. पहाटे मतलई सुटली की दोघांनाही जाग येते. मग उठून चहा करतो आणि ती बाजाराला निघते.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढं करा. घरातल्या ज्या वस्तूवर पोट चालतं, तिच्यासाठी एक वही घाला आणि तिच्यात कामाचा रकाना पाडा. कागद कुणाच्या नावावर आहे ते बघा. आणि ती वस्तू विकायचं बोलणं घरात निघण्याआधीच वाटे कसे करायचे ते बोलून ठेवा. गिऱ्हाईक दारात उभं असताना ते बोलणं होत नाही.

तुमच्याकडे वाट्यांची रीत कशी आहे, ते आम्हाला कळवा.