अपंग कुमार-कुमारींचा स्वाभिमान



वसंतातल्या या ज्ञानसत्रात इतिहास, राजकारण, साहित्य अशा भारदस्त विषयांची परंपरा आहे. त्या पंक्तीत आमचा आजचा विषय कोणास लहान वाटेल. तेरा ते एकोणीस वर्षे वयाची, शरीराने अपंग असलेली मुलेमुली स्वतःला काय समजतात, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यापैकी जे लहानपणापासून अपंग आहेत, ते सारे या वयातून गेले किंवा जाणार आहेत. म्हणून हा विषय लहान खास नव्हे.

प्रथम शब्दाविषयी. पंगू, अपंग, विकलांग आणि आता दिव्यांग असे शब्द आपण बदलत आलो. शब्द बदलावेत, त्याला आमची हरकत नाही. पण दृष्टी तीच राहिली तर नवा शब्दही थोड्याच दिवसांत जुन्यासारखा बोचू लागतो. आम्ही येथे जुना, सर्वांच्या ओळखीचा शब्द वापरणार आहोत, तो कोणास कमी लेखण्यासाठी नव्हे.

आता स्वाभिमान म्हणजे काय? अहंकार म्हणजे 'मी इतरांहून मोठा' ही भावना. स्वाभिमानी माणूस एवढेच म्हणतो, की 'मी कोणाहून कमी किंमतीचा नाही.' अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली याचे एक गणित मांडले. मिळालेल्या यशाला आपल्या अपेक्षेने भागावे, येईल तो भागाकार म्हणजे स्वाभिमान. गणित सुबक आहे, पण पोराच्या अपेक्षा ठरवतो कोण? बारा वर्षांनंतर ते काम घर कमी करते आणि वर्गातले सोबती अधिक करतात. कूली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली सांगितले, की दुसऱ्यांच्या डोळ्यांच्या आरशात माणूस स्वतःला पाहतो. या वयात तो आरसा दिवसातून शंभरदा पाहिला जातो. मिसरूड फुटलेल्या मुलाला एका पुटकुळीनेही जीव नकोसा होतो. मग ज्याच्या पायाला लोखंडी पट्ट्या आहेत, त्याचे काय होत असेल?

येथे आपण एक घाईचा निष्कर्ष काढतो. व्यंग जितके मोठे, तितका स्वाभिमान लहान, असे आपण धरून चालतो. बिअॅट्रिस राइट या विदुषीने १९६० साली शारीरिक अपंगत्वाच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. व्यंग किती तीव्र आहे आणि माणूस मनाने किती सावरलेला आहे, यांचा सरळ मेळ बसत नाही, असे तिने त्यात दाखविले. थोडे लंगडणारा मुलगा आतून पार मोडलेला असू शकतो, आणि चाकाच्या खुर्चीवरची मुलगी वर्गाची पुढारी असू शकते. मग फरक कशाने पडतो? राइटबाईंनी आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. एका अवयवाचे व्यंग लोक साऱ्या माणसावर पसरवतात. आंधळ्याशी आपण मोठ्याने बोलतो, जणू तो बहिराही आहे. खुर्चीत बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीसमोर तिच्या आईला विचारतो, "ही चहा घेते का हो?" पाय चालत नाहीत म्हणून जीभही चालत नसावी, असा आपला हिशेब! असे प्रश्न रोज ऐकून मुलगी पुढे पुढे स्वतःच उत्तर देईनाशी होते.

आमच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगितली पाहिजे. आम्ही तेव्हा एका शाळेत नववीच्या वर्गाला शिकवीत होतो. वर्गात पोलिओने एक पाय अधू झालेला, कॅलिपर लावून चालणारा एक मुलगा होता. सिंहगडाची सहल ठरली. त्याला चढाचा त्रास नको, म्हणून आम्ही त्याला जवळ बोलावून मोठ्या मायेने म्हणालो, "तू घरीच थांब, बाळ. तुझी सहलीची वर्गणी परत देतो." तो काही बोलला नाही. सहलीनंतर पंधरा दिवस त्याने वर्गात एकदाही हात वर केला नाही. शेवटी आम्हीच त्याला विचारले. तेव्हा तो म्हणाला, "सर, गडावर गाडी जाते. दिवाळीत काका मला घेऊन गेले होते. तुम्ही मला विचारलंच नाहीत." मंडळी, आमची दया खरी होती, परंतु तिने त्या मुलाचे जे नुकसान केले, ते वर्गातल्या टवाळांनी वर्षभरात केले नव्हते. टवाळांना तो उलट उत्तर देत असे. गुरुजींच्या दयेला उत्तर कसे देणार?

आपल्या पुराणांतला अष्टावक्र सर्वांना ठाऊक आहे. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा हा कुमार जनकाच्या सभेत वाद करण्यास गेला. महाभारतातल्या कथेत द्वारपाल त्याला अडवतो, पण देहासाठी नव्हे, तर तो पोरवयाचा आहे म्हणून. केस पिकल्याने कोणी थोर होत नाही, या अर्थाचे उत्तर देऊन तो आत जातो आणि बंदीला वादात जिंकतो. आम्हांला या कथेत महत्त्वाचे वाटते ते असे, की अखेर दार उघडले गेले. बुद्धी त्याची होतीच, पण दार उघडलेच नसते, तर ती कोणास दिसली असती?

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे. त्याच व्याधीने ग्रासलेले, तरीही स्वतःचा व्यवसाय सांभाळणारे एक गृहस्थ त्यांना भेटले, आणि जगण्याकडे त्या वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. पुढे त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभारली. उपदेश करणारे त्यांना थोडे का भेटले असतील? उपयोगी पडला तो त्याच वाटेने आधी गेलेला माणूस. आपल्या गावातल्या अपंग मुलाला असा एखादा अपंग शिक्षक, वकील किंवा दुकानदार ओळखीचा आहे काय?

दयेप्रमाणेच अवास्तव कौतुकही घातक असते. पाच ओळींचे भाषण केले की टाळ्यांचा कडकडाट, आणि गणितात नापास झाला तरी "असू दे, त्याचं काय!" मुले मूर्ख नसतात. आपल्याकडून कोणी काहीच अपेक्षा ठेवीत नाही, हे त्यांना त्या टाळ्यांतूनच कळते. त्यांनाही रागे भरा, कामे सांगा, हरू द्या. आणि मुलींविषयी एक शब्द. "हिचं लग्न कसं व्हायचं?" हा प्रश्न तिच्या देखत विचारणे ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी तिच्यावरचे निम्मे ओझे उतरेल.

कायदा आपल्या पाठीशी आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्याने दिला, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या. पण शाळेच्या दाराशी उतरण नसेल आणि शौचकूप दोन पायऱ्या वर असेल, तर हक्क कागदावरच राहतो. शौचास जावे लागेल या धास्तीने जी मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही, तिला स्वाभिमानावर व्याख्यान देऊन काय उपयोग? तिच्यासाठी आधी गवंडी बोलवा, वक्ता मागाहून येईल.

तेव्हा आमची विनंती तीनच गोष्टींची आहे. मदत करण्यापूर्वी त्याला विचारा. बोलायचे ते थेट त्याच्याशी बोला. आणि त्याच्याकडून इतरांइतकीच अपेक्षा ठेवा.

या सभागृहात येताना आपण सर्वजण पायऱ्या चढून आलो. आम्हीही चढलो, आणि मोजल्या. त्या अकरा आहेत. ज्यांच्याविषयी आम्ही तासभर बोललो, त्यांच्यापैकी एकही मुलगा वा मुलगी आम्हांला समोर दिसत नाही. पुढील वसंतात हा विषय त्यांच्यापैकीच कोणी मांडावा, आम्ही श्रोत्यांत बसू. त्याआधी चालकांनी त्या पायऱ्यांचे काय ते पाहावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.