कुड्याची साल हाही पुरावा आहे
(आरेतल्या पाड्यांच्या बैठकीत मांडलेलं बोलणं)



पाऊस सुरू झाला की पाड्यापाड्यांत पोटाची दुखणी येतात. गढूळ पाणी, जुलाब, आव, कावीळ. मग घरातली म्हातारी सांगते, जा, कुड्याची साल घेऊन ये. आज आम्ही त्या सालीबद्दल बोलणार आहोत. दुखण्यासाठी बोलणार आणि जमिनीसाठी पण बोलणार.

आधी औषधाचं. आव पडली की पांढऱ्या कुड्याची साल, हे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. दुकानात कुटजारिष्टाची बाटली मिळते, ती याच सालीची. पण कुडे एकापेक्षा जास्त आहेत. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनं लोंबतात आणि टोकाला सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाला चिकटलेल्या असतात. साल घ्यायची ती एका बाजूनं, हाताएवढी. खोडाभोवती सगळी सोलली तर झाड मरतं. बाळाच्या पोटात कळ आली की मुरुडशेंग उगाळतात. जुलाबाला कच्च्या बेलफळाचा गर देतात. काविळीला भुईआवळा देतात. ही ओळख आपल्या बायांकडे आहे, भगतांकडे आहे.

आता खरं तेही सांगायला पाहिजे. जुलाबात माणूस जातो तो अंगातलं पाणी संपून. म्हणून साल उकळायच्या आधी पाणी पाजा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ घातलेली पेज पण चालते. लघवी थांबली, पोर निपचित पडलं, जुलाबात रक्त दिसलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

काविळीचं तर जास्तच जपा. कावीळ हा एकच रोग नाही. पाण्यातून येते ती वेगळी, रक्तातून येते ती वेगळी, दारूनं लिव्हर खराब होऊन होते ती वेगळी. पावसाळ्यात उंदराच्या मुतानं लेप्टो होतो, त्यातही डोळे पिवळे होतात. पाण्याची कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते, म्हणून दिलेल्या पाल्याला गुण आला असं वाटतं. पण गरोदर बाईला तीच कावीळ जिवावर बेतू शकते. म्हणून डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा.

गुळवेलीचं ऐका. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा माणसांची नोंद छापली. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर त्यांच्या लिव्हरला इजा झाली होती. आयुष मंत्रालय म्हणालं, ती वेल गुळवेलच होती का ते आधी तपासा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. या वादात आपण एवढंच घ्यायचं: वेल ओळखल्याशिवाय तोंडात घालायची नाही, आणि ओळखीची असली तरी महिनोन् महिने घ्यायची नाही. ओळख मात्र पुस्तकातून येत नाही. म्हातारीच्या मागं रानात फिरून येते. रान गेलं की ओळखही जाते.

आणि रान जातंय, ते आपण बघतोय. आरेची दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. आपले पाडे त्याच्या आधीपासून इथं आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात करवती चालल्या, २,१४१ झाडं पडली. ही झाली झाडांची मोजणी. झाडावर चढलेली गुळवेल आणि बुडाशी उगवलेला भुईआवळा कुठल्याच मोजणीत येत नाही. पुढं २०२० साली आरेतली आठशेहून जास्त एकर जमीन राखीव वन करायची अधिसूचना निघाली. जंगल वाचतंय याचा आम्हाला आनंदच आहे. पण राखीव झालेल्या जंगलात उद्या साल काढणाऱ्या बाईला चोर म्हणतील, तेव्हा काय दाखवणार?

दाखवायला कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजावर आपला हक्क आहे, आणि गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळं, कंद येतात. २००८ च्या नियमांतला १३ वा नियम पुराव्यांचा आहे. वैदू लोक औषधी वनस्पती जिथं गोळा करतात त्या जागा सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून त्यात लिहिल्या आहेत. पण एकाच पुराव्यावर भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब, देवाच्या जागा, मसणवट, जुन्या विहिरी हेही जोडायचं.

काही बाया विचारतात, सगळं लिहून दिलं तर आपलं औषध दुसरा घेऊन जाणार नाही का? हा प्रश्न बरोबर आहे. भुईआवळ्याच्या कुळातल्या वनस्पतींपासून हिपॅटायटिस बीवर औषध करण्याचं पेटंट १९८७ सालीच अमेरिकेत निघालं. १९८८ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी गुण येतो असं छापलं, पुढच्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. पण पेटंटवर नाव कुणाचं लागलं ते लक्षात ठेवा. आपल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे, हेही त्याच वनहक्क कायद्यात लिहिलंय. म्हणून जागा लिहा, कृती लिहू नका. कुठल्या ओढ्याकाठी कुडा आहे, कुठल्या टेकडीवर मुरुडशेंग आहे, कुणाची आजी तिथं जायची, एवढं पुरे. किती घालायचं, कशात उकळायचं ते आपल्या तोंडी राहू दे.

तर या पावसाळ्यात प्रत्येक पाड्यानं एक वही करावी. दोन म्हाताऱ्या, दोन शिकलेली पोरं, एक दिवस रानात फिरा. जागेचा नकाशा हातानं काढा, झाडाखाली फोटो काढा, म्हातारीचा अंगठा घ्या. पाड्याच्या सभेत वही वाचून दाखवा, ठराव करा आणि दाव्याला जोडा. म्हाताऱ्या आहेत तोवर हे काम झालं पाहिजे.

जल, जंगल, जमीन आपली! जोहार!