एका नावाचा प्रवास



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्हांस चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. आम्ही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. बी. ए. ची पदवी आणि केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव झालेल्या बदल्या, एवढेच आमचे भांडवल. तरीही एका युरोपीय नावाविषयी बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. त्याचे कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक हे होय.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही गोव्यात नेमणुकीवर होतो. एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या टेबलावर आले. विवाहाचा दाखला पोर्तुगीज अमदानीतला. त्यावर नवऱ्याचे नाव 'जुआंव', तर सेवापुस्तकात 'जॉन'. 'नावांत तफावत आहे. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचा पुरावा सादर करावा' असा शेरा मारून आम्ही कागद परत पाठविले. प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, मामलेदार कचेरीच्या खेपा यांत त्या वृद्ध बाईंचे चार महिने गेले. शेवटी मंजुरीच्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, घरात जुआंव, हापिसात जॉन. माणूस एकच हो!"

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. नियम आम्ही मोडला नव्हता. परंतु जुआंव आणि जॉन हे एकच नाव आहे हे आम्हांस ठाऊक असते, तर त्याच दिवशी तसे टिपण लिहून प्रकरण पुढे पाठविता आले असते. त्या रात्रीपासून आम्ही या नावाचा माग काढू लागलो. त्याचा वृत्तांत आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हे नाव मूळचे हिब्रू. 'योहानान' असे त्याचे रूप. त्यातील 'यो' हा यहुद्यांच्या ईश्वरनामाचा संक्षेप, आणि 'हानान' म्हणजे कृपा केली. 'ईश्वराने कृपा केली' असा त्याचा अर्थ. आपल्याकडील शिवप्रसाद, गुरुप्रसाद या नावांचा आशय याहून फार दूर नाही. याच धातूपासून 'हन्ना' हे स्त्रीनाम झाले आणि तेच पुढे युरोपात 'अ‍ॅना' झाले. रोमला हादरविणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल हाही याच गोतातला. कार्थेजची भाषा हिब्रूची भगिनी, आणि त्याच्या नावाचा अर्थ 'बआल देवाची कृपा'.

लूकच्या शुभवर्तमानात या नावाची एक हृद्य कथा आहे. जखऱ्या आणि अलीशिबा या निपुत्रिक वृद्ध दांपत्यास पुत्र झाला. आप्तेष्ट म्हणाले, बापाचेच नाव ठेवा. आई म्हणाली, योहान ठेवायचे. आपल्या कुळात हे नाव कोणाचेच नाही, असा आक्षेप निघाला. वाचा गेलेल्या बापाने तेव्हा पाटी मागवून तीवर 'योहान' असे लिहिले. आमच्या शेऱ्याच्या कितीतरी आधी या नावावर आक्षेप नोंदविला गेला होता, हे वाचून आम्हांस हसू आले. हा मुलगा म्हणजेच बाप्तिस्मा करणारा योहान. येशूच्या बारा शिष्यांतही एक योहान होता. अशा दोन थोर संतांमुळे ख्रिस्ती धर्म जेथे जेथे गेला तेथे तेथे हे नाव पोहोचले.

ग्रीक भाषेला शब्दाच्या मध्ये 'ह' मानवत नसे. म्हणून ग्रीकात 'योआन्नेस' झाले; लॅटिनात 'योहान्नेस'. येथून पुढे प्रत्येक देशाने आपल्या जिभेला रुचेल तसे ते वळविले. लॅटिनात 'आय' आणि 'जे' ही अक्षरे वेगळी नव्हती. तो भेद सोळाव्या शतकापासून रूढ होत गेला. आज त्याच 'जे'चा उच्चार जर्मन माणूस 'य' करतो, इंग्रज 'ज' करतो, आणि स्पॅनिश माणूस घशातून 'ह' काढतो. म्हणून जर्मनीत योहान, इंग्लंडात जॉन, स्पेनमध्ये हुआन, फ्रान्समध्ये ज्याँ, इटलीत ज्योव्हान्नी. आयर्लंडने प्रथम लॅटिनवरून 'ओइन' घेतले. पुढे नॉर्मन लोकांकडून फ्रेंच रूप आले, तेव्हा त्याचे 'शॉन' केले.

कोणी नावाचे शेपूट कापले, कोणी डोके. पोलंड आणि हॉलंड येथे नुसते 'यान' उरले. जर्मनांनी आरंभच गाळून 'हान्स' केले. ग्रीक धर्मपीठाच्या मार्गाने रशियात गेलेले नाव 'इव्हान' झाले, आणि त्याचे लाडके रूप 'वान्या'. चेखव्हच्या नाटकातील वान्यामामा म्हणजे घरगुती भाषेत आपला योहानच. मोझार्टच्या १७८७ मधील संगीतिकेचा नायक डॉन ज्योव्हान्नी हा स्पेनमधला डॉन हुआन. ऑर्लेआँची वीरकन्या ज्यान दार्क, जी १४३१ मध्ये जाळली गेली, तिचे नावही याचेच स्त्रीरूप.

मुलांची नावे झाली, मग आडनावे झाली. जॉन्सन, जोन्स, वेल्समधील इव्हान्स, डेन्मार्कमधील येन्सन आणि हान्सन, रशियातील इव्हानोव्ह, आर्मेनियातील होव्हानिस्यान, या सर्वांचा अर्थ एकच : योहानाचा मुलगा, योहानाच्या घरचा. नाव इतके सार्वत्रिक झाले की आपण 'सोम्यागोम्या' म्हणतो तसा सामान्य माणूस दाखविण्यास रशियन लोककथेने इव्हान घेतला आणि जर्मन कथेने हान्स.

आणि एक गोष्ट तर आमचे डोळे उघडणारी. १६४० मध्ये पोर्तुगालला स्पेनच्या अमलातून सोडविणारा राजा चौथा जुआंव हा इंग्रजी इतिहासग्रंथांत 'जॉन' म्हणूनच वावरतो. त्या राजाकडे कोणी प्रतिज्ञापत्र मागितले नाही. आम्ही ते एका पेन्शनरच्या विधवेकडे मागितले.

गोव्यात २४ जूनला सांजांवचा सण होतो. पावसाने तुडुंब भरलेल्या विहिरींत तरुण मंडळी उड्या घेतात, डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालतात. 'सांजांव' म्हणजे संत जुआंव, म्हणजे संत योहान. त्याच संताच्या नावे लात्व्हियात रात्रभर शेकोट्या पेटतात. हा सण आम्ही तीन वर्षे पाहिला होता. पण कचेरीत बसल्यावर त्या फायलीतला जुआंव आम्ही ओळखला नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मूळ नाव कृष्ण. महाराष्ट्रात त्याचा किसन आणि कान्होबा झाला, हिंदी मुलखात कन्हैया, बंगालमध्ये केष्टो आणि कानाई, तमिळनाडूत कण्णन. यामुळे देव कमी झाला असे कोणी म्हणत नाही. मग आपल्या विजयला बंगाली शेजाऱ्याने 'बिजॉय' म्हटले म्हणून आपण का खट्टू व्हावे? परक्या तोंडी नाव बदलते, कारण त्या तोंडाने ते आपलेसे केलेले असते. मात्र मूळ उच्चार आणि अर्थ जतन करण्याचे काम शेजाऱ्याचे नव्हे, घरच्यांचे आहे. परप्रांतात वाढलेली आपली मुले स्वतःचे आडनाव शेजाऱ्यासारखे उच्चारू लागली, तर दोष शेजाऱ्याकडे जात नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची एक नम्र सूचना आहे. मंडळाच्या सभासद-नोंदवहीत नावे आज इंग्रजीत आहेत. त्यांच्या शेजारी एक रकाना आखावा. त्यात प्रत्येकाचे नाव देवनागरीत, घरी हाक मारतात तसे लिहावे, आणि ठाऊक असल्यास त्याचा अर्थही. आणि आपल्यापैकी जे कोणी आमच्यासारखे टेबलामागे बसतात, त्यांनी 'नावांत तफावत' असा शेरा लिहिण्यापूर्वी समोरच्या माणसास बसावयास सांगून एकदा विचारावे, "घरी यांना काय म्हणत?"

आम्ही ते विचारले नाही. आपण विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.