गोंडीतलं ‘येर’ आणि पुस्तकातलं ‘पाणी’

हातात निवडायची डाळ असेल तर ते काम चालू द्या अन् ऐका.

किनवट आणि माहूर हे आपल्या नांदेड जिल्ह्याचे डोंगरी तालुके. तिथं गोंड, कोलाम, परधान, आंध समाज राहतो. आंधांच्या घरी मराठी बोलतात. गोंडाच्या घरी गोंडी, कोलामाच्या घरी कोलामी. या दोन्ही भाषा मराठीच्या नात्यातल्या नाहीत, तेलुगूच्या नात्यातल्या आहेत. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. सहा वर्षांचं लेकरू पहिलीत बसतं, समोर ‘पाणी’ लिहिलेलं. त्याला अक्षरही नवं अन् शब्दही नवा. ते गप्प राहतं. मग गावात म्हणतात, याला डोकंच नाही. हे बोलणं आपण आधी बंद करू.

सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान 2021 साली सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं, हे त्याचं ध्येय. आपल्याकडे मात्र कौतुक लातूर पॅटर्नचं! दहावी-बारावीच्या मार्कांचे फलक चौकात लागतात. तिसरीतल्या लेकराला वाचता येतं का, हे कोणी विचारत नाही. तिथं जे मागं राहतं, ते पुढं शाळाच सोडतं.

तुम्ही म्हणाल, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय तपासणार? तपासता येतं. दुसरीचं पुस्तक उघडा. लेकरू धडाधडा म्हणू लागलं तर लगेच खूश होऊ नका, धडा पाठ असेल. चित्रावर हात ठेवा, मधल्याच ओळीवर बोट ठेवा अन् म्हणा, इथून वाच. अडलं तर समजा, पाठांतर आहे, वाचन नाही. वाचलं तर विचारा, काय लिहिलंय ते आपल्या भाषेत सांग.

बचत गटाची बैठक असते, त्या संध्याकाळी लेकरांनाही ओट्यावर बसवा. इयत्तेप्रमाणे नको. अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, गोष्ट वाचणारी तिसरीकडे. ‘प्रथम’ संस्थेनं खेड्यापाड्यांत हीच रीत वापरली. आजीला गोंडीत, कोलामीत गोष्ट सांगू द्या. सातवी-आठवीतल्या पोरीनं ती देवनागरीत लिहावी अन् लहानांनी वाचावी. आपल्या आजीची गोष्ट कागदावर दिसली की लेकरू कसं पुढं सरकतं, ते बघाच.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारांत तीन सदस्य पालक असतात, अन् एकूण सदस्यांत निम्म्या बाया. वंचित समाजाच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी बाईचं नाव वहीत अन् खुर्चीवर नवरा. तसं होऊ देऊ नका, बैठकीला स्वतः जा. तिथं इमारत, रंगरंगोटी यांवर तासभर चर्चा होते. तुम्ही एकच विचारा: तिसरीतल्या किती लेकरांना वाचता येतं? ज्या घरचे लोक ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात, त्यांच्या लेकरांचा विषय दिवाळीआधीच काढा. हंगामी वसतिगृहाची मागणी तेव्हाच करावी लागते. गाड्या निघाल्यावर उपयोग नाही.

आणि ठरावाच्या वहीवर सही किंवा अंगठा देण्याआधी तो ठराव वाचून दाखवायला सांगा. पाचवीतल्या एखाद्या पोरीनं वाचला तरी चालेल.