तो आमचा आहे

(ग्रामीण वार्ताहरांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



सिरोंच्याहून इथे गडचिरोलीत आलेले वार्ताहर मित्र काल रात्री भेटले. दोनशे किलोमीटरांच्या वरचा रस्ता, एसटीचा प्रवास, आणि येताना दोन ठिकाणी ‘कुठून आलात, कुठे निघालात’ ही चौकशी. तुम्ही असे आला आहात, म्हणून भाषण मोकळेपणाने सुरू करतो. अध्यक्षपदाबद्दल आभार मानण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. तीस वर्षं ती माझ्या मनात पडून आहे.

मी तेव्हा नागपूरला एका दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळी करत होतो. जिल्ह्याच्या बातम्या एसटीने यायच्या. वार्ताहर पाकीट ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, आमचा पोऱ्या स्टँडवरून ते घेऊन यायचा. आत रेघांच्या कागदावरची बातमी आणि कधीमधी कॅमेऱ्याचा रोल. दक्षिण गडचिरोलीतल्या एका तालुक्यातून असं पाकीट पाठवणारा एक माणूस होता. किराणा दुकान आणि आमच्या पेपरची एजन्सी, दोन्ही त्याच्याकडे. एका चकमकीनंतर तो सायकलने त्या गावात गेला, लोकांशी बोलला, आणि पोलिसांच्या सांगण्याशी न जुळणारी हकीकत लिहून परतला. पाकीट स्टँडवर पोचण्याआधीच त्याला ठाण्यात बसवलं गेलं. रात्री अकराला आमच्याकडे फोन आला : “हा म्हणतो, मी तुमचा पत्रकार. खरं का?” मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “कागदावर कुठे आहे का तो?” नव्हता. मी फोनवर सांगितलं, “अधूनमधून बातम्या पाठवतो. आमचा कर्मचारी नाही.”

तीन दिवसांनी त्याला सोडलं. पुढच्याच आठवड्यात त्याचं पाकीट आलं. मला त्याने कधी एका शब्दाने विचारलं नाही. पाकिटं पुढेही येत राहिली, पण त्यांत शिक्षकांच्या बदल्या असायच्या, आठवडी बाजार असायचा, पंचायत समितीची बैठक असायची. जंगलातल्या गावाची एकही बातमी त्याने पुन्हा पाठवली नाही. त्या तालुक्यातून आतली बातमी येणं बंद झालं, ते माझ्या त्या एका वाक्याने. मी ते बोललो तेव्हा घाबरलेलोही नव्हतो. मला ते साधं, बरोबर उत्तर वाटलं होतं. याचीच मला आज जास्त लाज वाटते.

संघर्षाच्या प्रदेशात बातमीदाराला धोका कशाचा, असं विचारलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोळी येते, भूसुरुंग येतो. ते आहेतच. पण इथे बसलेल्यांना माहीत आहे की गोळीच्या कितीतरी आधी संशय येतो. तोही दोन्हीकडून.

पातागुडमच्या पुलावरून इंद्रावती ओलांडली की पलीकडे भोपालपट्टनम, म्हणजे छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा. त्या जिल्ह्यात बासागुडा नावाचं गाव आहे. तिथले साई रेड्डी ‘देशबंधु’ या हिंदी दैनिकाला बातम्या द्यायचे. २००८ मध्ये पोलिसांनी त्यांना माओवाद्यांचा माणूस ठरवून राज्याच्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली तुरुंगात घातलं. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच बासागुड्याच्या बाजारात माओवाद्यांनी त्यांना पोलिसांचा माणूस ठरवून मारलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुकमा जिल्ह्यातले नेमीचंद जैन यांना माओवाद्यांनी खबऱ्या ठरवून ठार केलं होतं. २०१५ मध्ये पोलिसांनी सोमारू नाग आणि संतोष यादव या दोन वार्ताहरांना माओवाद्यांचे साथीदार म्हणून अटक केली. सोमारू वर्षभराने निर्दोष सुटले. संतोष यादव यांना जामिनासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि निर्दोष ठरायला २०२० उजाडलं.

या अटकांनंतर मार्च २०१६ मध्ये एडिटर्स गिल्डची सत्यशोधन समिती बस्तरला गेली. तिचे एक सदस्य आपल्या नागपूरचे संपादक प्रकाश दुबे होते. आपण निर्भयपणे काम करतो, असं खात्रीने सांगू शकणारा एकही पत्रकार आपल्याला तिथे भेटला नाही, असं या समितीने लिहून ठेवलं. तो अहवाल दिल्लीत वाचला गेला, त्यावर चर्चा झाली. बस्तरमधले वार्ताहर दुसऱ्या दिवशी त्याच दुचाकीवर त्याच रस्त्याला लागले.

आपल्याला नेहमी दिला जाणारा सल्ला म्हणजे, पोलिसांच्या संरक्षणात जा. ३० ऑक्टोबर २०१८ ला दूरदर्शनची एक तुकडी दंतेवाड्यातल्या निलावायाकडे पोलिसांबरोबर दुचाकींवरून निघाली होती. निवडणुकीचं वार्तांकन करायचं होतं. वाटेत माओवाद्यांनी हल्ला केला. कॅमेरामन अच्युतानंद साहू पोलिसांसोबत मारले गेले. त्यांचे साथीदार मोर मुकुट शर्मा यांनी जमिनीला चिकटून पडल्या पडल्या मोबाइलवर आईसाठी निरोप रेकॉर्ड केला. आपण वाचू याची त्यांना खात्री नव्हती. ते वाचले. पोलिसांबरोबर गेलात तर तुम्ही निशाणा ठरता, एकटे गेलात तर संशयित ठरता. भामरागड आणि एटापल्लीच्या मित्रांना हे मी काय सांगावं?

आता मुकेश चंद्राकरबद्दल बोलतो, आणि जरा सावकाश बोलतो.

मुकेश मूळचा त्याच बासागुड्याचा. माओवाद्यांविरुद्धच्या सलवा जुडूम मोहिमेच्या काळात त्याचं कुटुंब गावातून उठलं आणि विस्थापितांच्या छावणीत राहिलं. म्हणजे बातमी व्हायचं दुःख आधी त्याच्या वाट्याला आलं आणि बातमीदारी नंतर आली. तो वाहिन्यांसाठी काम करायचा आणि ‘बस्तर जंक्शन’ नावाचं स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवायचा. दीड लाखाच्या वर लोक ते पाहत. एप्रिल २०२१ मध्ये तर्रेमच्या चकमकीत बावीस जवान गेले आणि राकेश्वरसिंह मनहास हा कमांडो माओवाद्यांच्या ताब्यात सापडला. तेव्हा विनोबांचे शिष्य धर्मपाल सैनी आणि गोंडवाना समाजाचे तेलम बोरैया यांच्यासोबत जंगलात शिरलेल्या बातमीदारांत मुकेश होता. सरकारला जाता येत नव्हतं तिथे ही मंडळी दुचाकींवरून गेली आणि जवानाला सुखरूप घेऊन आली. दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवावा इतकी पत या मुलाने कमावली होती.

त्याला बंदूक घेतलेल्या कोणत्याच बाजूने मारलं नाही. गंगालूर ते नेलसनार या रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस एका वाहिनीवर आली. ती त्याच्या कामातून आली होती. सरकारने चौकशी लावली. १ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी मुकेश घरून गेला तो परतला नाही. ३ जानेवारीला बिजापूरमध्येच एका कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह मिळाला. टाकीवर ताजं काँक्रीट ओतलेलं होतं. त्या कंत्राटदाराला पोलिसांनी हैदराबादेतून पकडलं.

मृतदेह मिळाला त्यानंतर तीन दिवसांनी ६ जानेवारी होती. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा दिवस, आपला पत्रकार दिन. त्या दिवशी तालुक्यातालुक्यात आपल्याला शाल-श्रीफळ मिळतं. मलाही त्या दिवशी एका गावी शाल मिळाली. तो खर्च कोणी केला होता, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारत नाही, कारण उत्तर तुम्हाला माहीत असतं.

इथे मला आपल्या धंद्यातली एक गोष्ट बोलायलाच हवी, ती बहुतेक अधिवेशनांत बोलली जात नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधन असलं तर पेट्रोलला पुरत नाही. त्याची कमाई पेपरची एजन्सी आणि जाहिरातींचं कमिशन यांतून येते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, वर्धापनदिनाची पुरवणी. मुख्य कार्यालयातून टार्गेट येतं. जाहिरात देणारं तालुक्यात कोण असतं? रस्त्याचा कंत्राटदार, वाळूवाला, खाणीशी संबंध असलेला, पुढारी. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याच दारात ऑगस्टमध्ये पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं. हे वार्ताहराचं पाप नाही, ती रचना शहरात बसून आम्ही केली. मुकेशने यूट्यूबचा रस्ता धरला तो यातून सुटायला असावा. मग तो या रचनेबाहेर गेला आणि अगदी एकटा पडला.

बंदुका आता खाली येत आहेत. १५ ऑक्टोबर २०२५ ला याच गडचिरोलीत माओवादी नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. मला त्याचं समाधान आहे. या जिल्ह्याने फार माणसं गमावली. जांभुळखेड्याच्या स्फोटातले पंधरा जवान आणि त्यांचा चालक मी विसरलेलो नाही. पण बंदूक मागे सरली की जंगलात रस्ता येतो, खाण येते, कंत्राट येतं आणि पैसा येतो. त्याचा हिशोब विचारणारा पुन्हा तालुक्याचा वार्ताहरच असतो. मुकेशचा खून झाला तो त्या भागातून माओवादी मागे हटत असताना, रस्ते आत सरकत असताना. शांतता आली म्हणून धोका टळला, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर मानू नका. कोकणात कोणतंही युद्ध नव्हतं. तरी ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. बारसू रिफायनरीच्या जमिनींचा व्यवहार करणाऱ्या एका माणसाविषयी त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले.

बाहेरच्या जगाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. सीरियातल्या होम्समध्ये बातमीदार मेरी कोल्विन गेली, अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्दाकमध्ये आपला छायापत्रकार दानिश सिद्दिकी गेला. त्या दोघांची नावं जगाला ठाऊक आहेत, आणि असायलाच हवीत. पण गाझामध्ये ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी बातमीदारांना स्वतंत्रपणे आत जाऊ दिलेलं नाही. तिथलं जे जगाला दिसलं, ते तिथल्याच माणसांनी, स्वतःच्या घरांचे ढिगारे मागे ठेवून टिपलं. २०२४ मध्ये जगभरात १२४ पत्रकार व माध्यमकर्मी मारले गेल्याची नोंद पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सीपीजे या संस्थेने केली. तिने नोंदी ठेवायला सुरुवात केल्यापासूनचा तो तोवरचा सर्वांत मोठा आकडा, आणि त्यांतले बहुतेक गाझाचे. बाहेरून आलेला बातमीदार हेल्मेट, विमा आणि परतीचं तिकीट घेऊन येतो. मी स्वतः गडचिरोलीत असाच यायचो. माझ्या गाडीत पुढे बसून वाट दाखवणारा, गोंडीचं मराठी करून सांगणारा वार्ताहर मात्र रात्री त्याच गावाशेजारी झोपायचा. नाव माझं छापून यायचं आणि ठाण्यातलं बोलावणं त्याला यायचं.

कायदा काय म्हणतो? युद्धातल्या पत्रकाराला नागरिक मानावं, असं जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात कलम ७९ मध्ये आहे. तो करार देशांमधल्या युद्धांपुरता आहे आणि भारताने तो स्वीकारलेलाही नाही. आपल्याकडे युद्ध नाहीच, असं सरकार म्हणतं, तेव्हा त्याचा आपल्याला उपयोग नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. चांगला कायदा आहे, त्यासाठी अनेकांनी अनेक वर्षं मोर्चे काढले. पण त्यातली पत्रकाराची व्याख्या वाचा. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने माध्यमसंस्थेत नेमलेला आहे, तो पत्रकार. या सभागृहात असे किती आहेत? ज्यांच्याकडे नियुक्तीचं पत्र आहे त्यांनी हात वर करा म्हटलं, तर मला भीती वाटते की मला पुढचं बोलवणार नाही. ज्याला या कायद्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच हाती तो लागत नाही, आणि हे आम्ही न दिलेल्या कागदांमुळे.

म्हणून आज मी सरकारकडे मागण्यांची यादी वाचणार नाही. ते ठराव दुपारच्या सत्रात येतील आणि मी त्यांना पाठिंबा देईन. माझं बोलणं पहिल्या दोन रांगांत बसलेल्या संपादकांशी आणि मालकांशी आहे. विमा द्या, मानधन वाढवा, बातमीदाराच्या माथ्यावरचं जाहिरातींचं टार्गेट काढा. हे सगळं मी मागतोच आहे, आणि त्याला पैसे लागतात हेही मला कळतं. पण ज्याला पैसा लागत नाही असं एक काम आहे, ते आधी करा.

परवा सोमवार आहे. कार्यालयात गेलात की संस्थेच्या लेटरहेडवर प्रत्येक तालुक्याच्या वार्ताहराच्या नावाने एक पत्र लिहा. ‘अमुक तालुक्यातील हे आमचे बातमीदार आहेत. त्यांनी पाठवलेल्या बातमीची जबाबदारी आमची आहे.’ खाली सही करा, शिक्का मारा. एक प्रत त्याला द्या, एक जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पोचती करा आणि तिची पोच घ्या. रात्रपाळीच्या टेबलावर या नावांची यादी चिकटवून ठेवा. रात्री अकराला फोन आला, तर तिथे बसलेल्या नव्या मुलाला कोणालाही विचारावं लागू नये.