घटस्फोटाचा हुकूमनामा आणि त्याची नक्कल
(कासारवाडी येथे महिलांच्या सभेपुढे केलेले भाषण)



सभेच्या चालकांनी मला 'स्त्रिया आणि कायदा' हा विषय दिला होता. एवढा मोठा विषय पेलण्याची माझी योग्यता नाही. मी वकील नव्हे. एका न्यायालयाच्या नकला शाखेत मी एकतीस वर्षे कारकुनी केली. खिडकीच्या आत मी बसत असे आणि बाहेर माणसे उभी असत. त्या माणसांत ज्या स्त्रिया घटस्फोटाचा कागद मागावयास येत, त्यांच्याविषयीच मी आज बोलणार आहे.

त्या रिकाम्या हाताने येत. क्रमांक नाही, तारीख नाही, कित्येकींना न्यायालयाचे नावही ठाऊक नाही. "आमचं मोडलं तेव्हाचा कागद द्या," एवढेच त्या म्हणत. साल विचारले तर कोणी सांगे, धाकट्या भावाच्या लग्नाआधी. कोणी सांगे, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात. आमच्यातील काही जण त्यावर हसत. मीही प्रथम हसलो असेन. पुढे मला समजले की भूकंपाची तारीख ३० सप्टेंबर १९९३ ही साऱ्या जगाला ठाऊक आहे, आणि त्या बाईने मला दाव्याचे साल जवळजवळ अचूक सांगितले होते. चूक माझ्या ऐकण्यात होती.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जन्माची, मृत्यूची आणि विवाहाची नोंद महानगरपालिकेत होते, तेव्हा घटस्फोटाची नोंदही तेथेच मिळत असेल असे आपल्याला वाटते. तशी नोंदवही तेथे नाही. अमेरिकेत प्रत्येक काउंटीच्या न्यायालयाचा लिपिक असे कागद राखतो आणि पुष्कळ ठिकाणी ते परक्या माणसालाही पाहता येतात, असे तिकडे गेलेली आपली मुले सांगतात. आपल्याकडे घटस्फोट ज्या न्यायालयाने दिला, कागद त्याच न्यायालयात असतो. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे हे खटले बंद दाराआड चालतात आणि त्यांतील मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. म्हणून शेजाऱ्याला किंवा दिराला तुमचा कागद सहज मिळत नाही. तुम्ही मात्र त्या दाव्यात पक्षकार असता. तुमचा हक्क कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही.

येथे कोणी विचारील, आम्ही बौद्ध, आम्हाला हिंदू विवाह कायदा कसा लागू होतो? हा प्रश्न मला खिडकीवरही विचारला गेला आहे, आणि कधी कधी रागाने. नावाचा राग येणे मी समजू शकतो. परंतु १९५५ च्या त्या कायद्याचे कलम २ स्पष्ट सांगते की धर्माने बौद्ध, जैन किंवा शीख असलेल्या व्यक्तीलाही हा कायदा लागू आहे. विशेष विवाह कायद्याखाली ज्यांनी विवाह नोंदविला त्यांची गोष्ट निराळी. बाकी सर्वांचा घटस्फोट ह्याच कायद्याने होतो. मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला होता, परंतु साऱ्या देशातील स्त्रीला हा हक्क मिळावा ह्यासाठी बाबासाहेबांनी हिंदू संहिता विधेयक मांडले, आणि ते रखडविले गेले तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपद सोडले. हा हक्क कागदावर आणावयास त्यांना काय मोजावे लागले हे आपण जाणता. तो कागद आपल्या पेटीत नसावा काय?

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. काडीमोड झाली, पंचांसमक्ष सोडचिठ्ठी लिहिली, मुद्रांकावर दोघांच्या सह्या झाल्या, म्हणजे घटस्फोट झाला, असे आजही मानले जाते. कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरे. परंतु ती रूढी आपल्यात होती हे मांडून सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे स्पष्ट केले आहे. आता विचार करा. ज्या जातीच्या बंधनातून आपण १९५६ साली बाहेर पडलो, तिच्या पंचायतीची रूढी सिद्ध करण्यासाठी साक्षीदार गोळा करीत हिंडावयाचे काय? मला विचाराल तर हा मार्ग लाजिरवाणा आहे आणि व्यवहारातही धोक्याचा आहे. लेखनिकाने टंकलेखन केले आणि नोटरीने शिक्का मारला, एवढ्याने विवाह संपत नाही.

कासारवाडीतल्याच एका भगिनीची हकीकत सांगतो. तिच्या संमतीने सांगतो, नाव सांगत नाही.

तिचे वडील केंद्र सरकारच्या एका कारखान्यात कामाला होते. १९९० साली तिचे लग्न मराठवाड्यात झाले. भूकंपाच्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, नवऱ्याने तिला अंगावरच्या लुगड्यानिशी घराबाहेर काढले आणि ती माहेरी आली. पुढच्या वर्षी सासरची माणसे मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून घेऊन गेली. वडील २००९ साली वारले, आई २०२१ साली. आईचे निवृत्तिवेतन बंद झाले. केंद्राच्या नियमांप्रमाणे, आईबापांवर अवलंबून असलेल्या आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. मात्र घटस्फोट आईबापांपैकी एकाच्या तरी हयातीत झालेला असावा, किंवा निदान त्याचा अर्ज त्यांच्या हयातीत न्यायालयात दाखल झालेला असावा. ही दुसरी सवलत जुलै २०१७ पासूनची आहे. तिने सोडचिठ्ठी दाखविली. ती परत आली. न्यायालयाचा हुकूमनामा आणा, असे सांगण्यात आले. "मी कोर्टाची पायरी कधी चढले नाही," ती म्हणाली.

मी तिला एकच प्रश्न विचारला : कधी कोणी सरकारी माणूस कागद घेऊन घरी आला होता काय? तिला आठवले. सोडचिठ्ठीनंतर दोन पावसाळे गेल्यावर एक माणूस आला होता, त्याने अंगठा घेतला होता. तो कागद भावाने कोठे तरी ठेवला. तो न्यायालयाचा बेलीफ होता आणि तो कागद म्हणजे समन्स होते.

आता शोध कसा केला ते ऐका, कारण तुम्हालाही तो असाच करावा लागेल. न्यायालय कोणते? कायद्याच्या कलम १९ प्रमाणे घटस्फोटाचा अर्ज लग्न जेथे लागले तेथे, नवराबायको शेवटी एकत्र राहिली तेथे, किंवा जाबदार राहतो तेथे करता येतो. बायकोला ती स्वतः राहते तेथे अर्ज करण्याची मुभा २००३ च्या अखेरीस मिळाली. तेव्हा त्यापूर्वीचे कागद बहुधा सासरच्या मुलखात शोधावे लागतात. ही पिंपरी-चिंचवडची वस्ती चाकरीसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्यांची आहे. तुमचा कागद पुण्यात असेलच असे नाही. साल कोणते? नवऱ्याने बहुधा 'बायको सोडून गेली' हेच कारण दाखविले असणार, आणि परित्यागाच्या कारणावर दोन वर्षे पुरी झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही. म्हणून आम्ही १९९५ च्या अखेरीपासूनची नोंदवही मागितली. तिच्या नावाने काही सापडेना. नवऱ्याच्या नावाने पाहिले तेव्हा १९९६ चा अर्ज सापडला : एकतर्फी चालला, १९९८ साली हुकूमनामा झाला. तिचे नाव तेथे सासरचे, तेही चुकीचे लिहिले होते.

तेव्हा नोंदवही पाहताना माहेरचे नाव, सासरचे नाव, 'बाई' लावून आणि न लावता, आणि नवऱ्याचे नाव, सगळे पाहावे. अलीकडची प्रकरणे ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने घरबसल्या सापडतात. तेथे प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक असतो, तो टिपून ठेवावा. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून पाहा. जुन्या प्रकरणांना मात्र नोंदवही आणि अभिलेख कक्ष हाच आधार. न्यायालयाचे कागद वर्गवारीने ठेवतात आणि काही वर्गांचे कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात. म्हणून आज-उद्या करू नये.

पुणेकरांसाठी सांगतो की कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला आहे. ऑगस्ट २०२३ पासून आपल्या कासारवाडीच्या मेट्रो स्थानकावरून जिल्हा न्यायालयाच्या स्थानकापर्यंत थेट जाता येते. ही न्यायालये १९८४ च्या कायद्याने निर्माण झाली. त्यापूर्वी हे दावे दिवाणी न्यायालयात चालत, आणि जे प्रलंबित होते ते नव्या न्यायालयाकडे वर्ग झाले. वर्ग झालेल्या दाव्याला नवा क्रमांक पडतो. जुन्या क्रमांकाने शोधून 'असा दावा नाही' असे उत्तर मिळाले, तर निराश होऊन परतू नका. वर्ग झाला काय, हे विचारा. कौटुंबिक न्यायालयात क्रमांकाआधी एक अक्षर असते : साधारणतः घटस्फोटाच्या अर्जाला ए, परस्परसंमतीच्या अर्जाला एफ, पोटगीच्या अर्जाला ई. पोटगीच्या प्रकरणाचा निकाल हाती घेऊन तो घटस्फोट समजणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्या अजून विवाहित होत्या.

अर्ज करणे अवघड नाही. साध्या कागदावर न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक व साल, दोघांची नावे, निकालाची तारीख आणि आपण त्यात कोण आहोत हे लिहावे. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन निराळे कागद आहेत : पहिल्यात कारणे असतात, दुसऱ्यात आज्ञा. दोन्ही मागा, आणि 'सहीशिक्क्याची नक्कल' असे स्पष्ट लिहा. झेरॉक्स कितीही स्वच्छ असली तरी कचेरीत चालत नाही. नकलेच्या पाठीमागे अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख घालतात, त्या तारखा पाहून घ्या. नकलेला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो. पुनर्विवाह करू इच्छिणाऱ्यांनी तर अपिलाची मुदत संपली, किंवा अपील फेटाळले गेले, हे पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये.

आणि आता जे मी नोकरीत असताना मोठ्याने बोललो नाही ते बोलतो. कायद्याच्या कलम २३ मध्ये १९७६ साली एक पोटकलम घातले गेले आहे, चौथे. घटस्फोटाचा हुकूमनामा करणाऱ्या न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यावी, असे ते सांगते. देऊ शकेल असे नव्हे, द्यावी असे. मी ज्या शाखेत बसत होतो तेथे ही प्रत न्यावयास नवरे येत किंवा त्यांचे वकील येत. बायकोच्या वाटची प्रत कित्येकदा प्रकरणातच पडून राही आणि पुढे प्रकरणाबरोबर बांधली जाई. तिला कोणी कळविले नाही. मीही कळविले नाही, कारण ते माझे काम नव्हते. ज्यांचा निकाल झाला असेल त्यांनी ह्या कलमाचा उल्लेख करून आपली प्रत मागावी. जास्तीच्या नकलांना शुल्क पडेल, ते फार नसते.

कित्येक कार्यकर्ते माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावयास सांगतात. त्यांचा हेतू चांगला आहे, मार्ग चुकीचा आहे. न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नक्कल मिळत असेल तर ती त्याच नियमांनी घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरविले आहे. त्या अर्जात महिना घालवू नका. मदत हवी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

त्या भगिनीची हकीकत अर्धी राहिली. नक्कल हाती आली तेव्हा तिने ती मला वाचून दाखवावयास सांगितली. निकालपत्रात लिहिले होते की जाबदार ही कोणतेही सबळ कारण नसताना पतीचे घर सोडून गेली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाऊ, मला हाकललं होतं. हे खोटं सरकारी कागदावर पंचवीस वर्षं बसलंय, आणि मला ठाऊक नाही." एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण त्याला मुदत अवघी तीस दिवसांची, समन्स नीट बजावले गेलेच नसेल तर ते दिवस हुकूमनामा समजल्यापासून मोजतात. तिचे समन्स बजावले गेले होते, अंगठा तिचा होता. शिवाय आज तिचा निर्वाह त्याच कागदावर अवलंबून आहे. त्या कागदातील खोट्याशी भांडावे, की त्यातील तारखेचा आधार घ्यावा, हे तिलाच ठरवावयाचे होते. तिने तारीख घेतली. निवृत्तिवेतनाचा अर्ज नकलेसह दिला आहे, उत्तर अजून यावयाचे आहे. अर्जासोबत तिने आपल्या हाताने लिहिलेला एक कागद जोडला आहे. घराबाहेर कोणी, कोणत्या दिवशी काढले, ते त्यात आहे. कचेरीला त्याची गरज नाही असे मी सांगून पाहिले. तिने ऐकले नाही, आणि ते बरे झाले.

पुढच्या रविवारी दुपारी मी येथेच बसणार आहे. ज्यांच्याकडे समन्स, नोटीस, वकिलाचे पत्र, पोटगीचा निकाल, जे काही असेल ते पिशवीत घालून आणावे. काहीच नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दोन गोष्टी आणाव्यात : शेवटी एकत्र कोणत्या गावी राहिलात, आणि त्या वर्षी गावात दुसरे काय घडले होते.